सोफ्यांचं स्टेडियम

"चौकाऽऽर! आवो, चौकार हाय तो! डोळे हायेत का शर्टाची बटनं?"

गायकवाड सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. पायात बूट तसेच, एका हातात चहाचा कागदी पेला, आणि दुसरा हात चौकाराची खूण करत आडवा हलतोय. गायकवाड मूळचा बीडचा, इथे कुवेतला एका कंपनीत अकाउंटंट, आणि आवाज असा की त्यानं सुलैबियात हाक मारली तर शुऐबाच्या बंदरात बोटी सुटायच्या थांबतात. अंपायर होता बेन, आमच्याच हॉस्पिटलच्या फार्मसीतला फिलिपिनो. त्यानं दोन्ही हात वर केले आणि गोळ्यांची पुडी देताना बोलतो तितक्याच शांतपणे म्हणाला, "सर, फाऊल."

"कशाचा फाऊल? बॅटीला लागला, कीपरच्या मागं गेला. आजून काय पाहिजे?"

"सर, धिस इज बेसबॉल."

"मंग आमी काय म्हनलं, कबड्डी हाय?"

बेसबॉलमध्ये चेंडू समोरच्या दोन रेषांच्या आत मारावा लागतो. बॅटची कड लागून मागे उडाला की फाऊल, म्हणजे वाया. हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. बेननं सांगून झालं होतं, हातवारे करून झालं होतं, एकदा तर वाळूत काठीनं काढून दाखवलं होतं. पण आम्ही पडलो क्रिकेटवर पोसलेली माणसं. कीपरच्या बगलेतून चेंडू सुर्रकन मागे गेला की आमच्या तोंडून 'वाहवा' निघते, ती मेंदूला विचारून निघत नाही. तेव्हा आमच्या गॅलरीनं ठरवून टाकलं होतं की नियम तुमचे, टाळ्या आमच्या. प्रत्येक फाऊलला आम्ही चौकार म्हणून नाचायचो. फिलिपिनो पोरी आधी गोंधळल्या, मग हसल्या, आणि पुढेपुढे फाऊल गेला की बॅट उंचावून आम्हाला अभिवादन करायला लागल्या.

हे सगळं आज आठवायचं कारण वारा. कुवेतचा उन्हाळा काय असतो ते ज्यानं भोगलं नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं भोगलाय त्याच्या जिभेवर अजून फोड आहेत. तो उन्हाळा परवा गेला. सकाळी गाडीचं स्टीअरिंग फडक्याशिवाय धरता आलं, तेव्हाच मी ओळखलं. वायव्येकडून कोरडा, थंड, जरा धुळीचाच वारा आला, अबू हलीफाच्या आमच्या घराच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे एका दिशेला उभे राहिले आणि खालच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, आइस्क्रीमच्या फ्रीजसमोर रूम हीटरची खोकी रचली गेली. माणसं एकमेकांशी माणसांसारखी बोलायला लागली. गायकवाडचा फोन आला, "येता का मैदान झाडायला?" आणि सुनंदानं कपाटामागची बॅट काढून तिला ओलं फडकं मारलं. हंगाम सुरू झाला. आणि दर वर्षी या वाऱ्याबरोबर माझ्या डोक्यात तो एक हंगाम येतो, परांजप्यांच्या लॉरीचा.

सुनंदा म्हणजे माझी बायको, जळगावची, पेशानं नर्स. आमच्या साताऱ्याकडे पोरी खो-खो खेळतात. तिच्या शाळेत सॉफ्टबॉल खेळायच्या. बेसबॉलचाच भाऊ, चेंडू जरा गलेलठ्ठ. लग्नात हिच्या रुखवतात शेवया आणि कुरडयांच्या शेजारी चामड्याचा ग्लव्ह मांडला होता. माझ्या आत्यानं तो उलटसुलट करून बघितला आणि जळगावकडे गरम तवा असल्यानं धरत असतील म्हणून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. खोटं वाटत असेल तर आत्याला विचारा. इथे आल्यावर हॉस्पिटलमधल्या फिलिपिनो नर्सेसना कळलं की ही खेळते. हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी सुलैबियाच्या पलीकडे, गोदामांचे पत्रे संपतात तिथल्या मोकळ्या माळावर त्यांचे सामने चालायचे. ही गेली. हिच्याबरोबर अलका गेली. अलका वर्ध्याची, दोघी कुवेतला आल्या तेव्हा नर्सेसच्या होस्टेलात एका खोलीत राहिलेल्या. ती चेंडू टाकायची, ही मारायची. आणि मी एक्स-रे टेक्निशियन, माणसांच्या आरपार बघण्यात आयुष्य गेलेलं. मी बघायला गेलो.

बघायला गेलो, पण बसणार कुठे? माळावर दगडसुद्धा धड नव्हता. तेव्हा सोफे आले.

इथून माणूस जातो तेव्हा अकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, रद्द करतो, बँकेचं खातं बंद करतो, फ्रीज कुणीतरी नेतो, टीव्ही कुणीतरी नेतो. सोफा कुणी नेत नाही. ज्यावर बसून पंधरा-पंधरा माणसांनी गणपतीची आरती म्हटली, पोरांनी दात पाडले, डॉक्टरसाहेबांनी दुपारच्या झोपा काढल्या, तो सोफा शेवटच्या दिवशी बिल्डिंगखाली कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा असतो. मला ते बघवत नसे. पहिला सोफा मी आणि गायकवाडनं माळावर नेला तो डॉक्टर इनामदारांचा. मरून रंगाचा, मखमली, आणि इतका खोल की बसलेल्याला उठवायला दोन माणसं लागत. एकदा त्यात बसलेला एक लॅब टेक्निशियन दोन सामने झाल्यावर सापडला. मग मोऱ्यांचा आला, त्याची एक स्प्रिंग बाहेर. बसणारा आपोआप सरळ बसतो. एका वादळात हा मोऱ्यांचा सोफा उडून सौदीच्या हद्दीपर्यंत गेला होता, आणि सिव्हिल आयडी नसल्यामुळे तिकडच्यांनी परत पाठवला. पुढच्या शुक्रवारी आम्ही पोचलो तर होता तिथेच, फक्त तोंड मक्केकडे.

आणि शेवटी आला अलकाचा. फिकट बदामी, उजव्या हातावर इस्त्रीचा जळका डाग. वडिलांना बघायला कुणी उरलं नाही म्हणून ती अकामा रद्द करून कायमची गावी गेली. विमानतळावर दोघी रडतील म्हणून मी खिशात रुमाल घेऊन गेलो होतो. रडल्या नाहीत. सुनंदा तिला म्हणाली, "पोचलीस की मेसेज कर," आणि आल्या पावली मला म्हणाली, "गाडी तिच्या बिल्डिंगकडे घ्या. सोफा खाली काढलाय." त्या दिवसापासून खेळायला जायच्या आधी सुनंदा आपली बॅट त्या जळक्या डागावर टेकवून ठेवते. का, ते मी विचारलं नाही. माणसांच्या आरपार बघणाऱ्यालाही काही ठिकाणी डोळे मिटता आले पाहिजेत.

तर हे सगळे सोफे, कुवेत सोडून गेलेल्या माणसांचे, आम्ही मारणारीच्या मागे आणि जरा कडेला अर्धगोलात मांडले होते. मध्ये आडोसा म्हणून फाहाहीलच्या कोळ्यांकडून आणलेलं मासे पकडायचं जाळं बांधलेलं. जाळ्याला भोकं अशी की सुरमई काय, देवमासा निघून जाईल. चेंडू तर आरामात यायचा. चहात पडायचा, पोह्यांत पडायचा. एकदा गायकवाड वैनींनी आणलेल्या शेंगदाण्याच्या चटणीत पडला आणि चेंडू टाकणाऱ्या पोरीनं नंतर तासभर डोळे चोळले.

आता कुणी मला विचारावं की मैदानात माणसाला मजा कशानं येते. विचाराच! मोठमोठी स्टेडियमं टीव्हीवर सगळ्यांनी बघितली आहेत. रंगीत खुर्च्या, आकाशाएवढा पडदा, दिव्यांचे खांब. असू देत. मी सांगतो, मजा खुर्चीत नसते. चेंडू आपल्याकडे येऊ शकतो, या धास्तीत मजा असते. आपण ओरडलो तर खेळणारीला ऐकू जातं आणि ती वळून बघते, यात असते. शेजारच्याच्या डब्यात काय आहे ते वासानं ओळखण्यात असते. अंपायर चुकला हे त्याला तोंडावर सांगता येण्यात, आणि सामना संपल्यावर त्याच अंपायरला आपल्या गाडीतून घरी सोडण्यात असते. आठवडाभर आम्ही सगळे कुणाच्या तरी हाताखाली हळू आवाजात बोलत असतो. 'येस सर', 'ओके मुदीर', 'इन्शाल्ला उद्या'. शुक्रवारी सकाळी त्या माळावर छाती फुटेपर्यंत 'चौकार' म्हणून ओरडायला मिळतं, आणि तेही साफ चुकीच्या कारणासाठी. चुकीच्या कारणासाठी एवढ्या मोठ्यानं ओरडायची परवानगी दुसरी कुठली जागा देते, ते मला कुणी दाखवावं.

हे परांजप्यांना पटत नव्हतं.

परांजपे पुण्याचे, एका बँकेत आयटीचे मोठे अधिकारी, माणूस सज्जन. ऑफिसच्या कामाला अमेरिकेला गेले आणि कुणीतरी त्यांना तिथे खरंखुरं बेसबॉल स्टेडियम दाखवलं. तिथून घात झाला. परत आले ते डोळ्यांत निळ्या खुर्च्या घेऊनच. कुणाकुणाशी बोलून त्यांनी आमच्या माळासाठी प्लास्टिकच्या निळ्या खुर्च्या मिळवल्या, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर. प्रेक्षकांनी मागे, दोरीच्या पलीकडे बसायचं. खाणं सामना संपल्यावर. ओरडणं योग्य वेळी.

"योग्य वेळ म्हंजी कवाची वो?" गायकवाडनं विचारलं.

"हे बघा गायकवाड, फाऊलला टाळ्या वाजवणं हे अज्ञान आहे. लोक हसतात आपल्याला."

"हसू द्या की. हसाया आलेलेच हायेत ते. पैसे मागितलेत का आपन?"

"आणि हे सोफे," परांजपे म्हणाले, "हा उकिरडा वाटतो. मैदान वाटत नाही. पुढच्या शुक्रवारी हंगामाचा शेवटचा सामना आहे. मी हाफ लॉरी सांगितली आहे. सामना संपला की सगळे सोफे उचलले जातील."

हाफ लॉरी म्हणजे इथला सामान वाहायचा छोटा ट्रक. कुवेतमध्ये माणूस जातो तेव्हा त्याचं घर हाफ लॉरीत बसून जातं. मी बेनकडे बघितलं. मैदानाचं सगळं तोच बघायचा. बेन म्हणाला, "नो प्रॉब्लेम, सर." तो हे परांजप्यांना म्हणाला की मला, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सुनंदा तिथेच उभी होती, ग्लव्हची दोरी दातांनी आवळत. तिनं फक्त विचारलं, "कुठे टाकणार?"

"टाकायच्या जागी टाकतील, वहिनी. डम्पिंगला."

तिनं दोरीची गाठ मारली. घरी जाताना सातव्या रिंग रोडवर मी तिला भाषण दिलं. लढू म्हणालो, सोफ्यांना साखळ्या बांधू, मी स्वतः इनामदारांच्या सोफ्यात रुतून बसतो, मला उचलायला क्रेन आणावी लागेल. ती खिडकीबाहेर बघत होती. मी थांबलो तेव्हा म्हणाली, "पुढचा गियर टाका. गाडी ओरडतेय." मी म्हटलं, गाडी नाही, मी ओरडतोय. त्यावर ती "तेच" म्हणाली.

तो शुक्रवार. आम्ही सगळे दोन तास आधी जाऊन सोफे अडवले. मागे, दोरीच्या पलीकडे, निळ्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, नंबरासकट, आणि त्या सगळ्यांत मिळून एक माणूस: परांजपे. ताठ, गॉगल लावून. त्यांची शाळकरी मुलगी इरा त्यांच्याबरोबर आली, खुर्चीवर जरा बसली, मग उठून सरळ अलकाच्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली.

"इरा, इकडे ये. तिथे धूळ आहे."

"इट्स कम्फी, बाबा."

"आपल्या खुर्च्या आहेत ना इथे!"

"दे आर युअर्स."

गॅलरीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी एकदम चहा प्यायला, इतकंच.

सामना उतरणीला लागला तेव्हा हाफ लॉरी आली. ड्रायव्हर पेशावरकडचा, खान, दाराएवढा माणूस. त्यानं सोफे बघितले, सोफ्यांवरची माणसं बघितली, दाढी खाजवली. परांजपे म्हणाले, पाच मिनिटं थांबा, संपतच आलंय. खान उभा राहिला. गायकवाड सरकला आणि म्हणाला, "बैठो खानसाहब, खडे क्यों?" खान इनामदारांच्या सोफ्यात बसला. आमच्या पक्षाला एवढी मोठी कुमक त्या हंगामात दुसरी मिळाली नाही. वैनींनी त्याला पोहे दिले. आणि पुढचा फाऊल मागे उडाला तेव्हा आम्ही नाचलो, आणि खान, पेशावरचा, क्रिकेटवरच पोसलेला, उठू शकला नाही म्हणून बसल्या जागेवरून गरजला, "चौका!"

शेवटची पाळी आली. आमची बाजू मागे होती. दोघी बाद झालेल्या, तिसरी बाद झाली की सामना खलास, आणि सामना खलास म्हणजे सोफे लॉरीत. मारायला आली सुनंदा. बॅट अलकाच्या सोफ्यावरून उचलली, चष्मा पुसला, उभी राहिली. पहिला चेंडू चुकली. दुसरा चुकली. तिसऱ्यांदा चुकली की बाद. परांजप्यांनी सोफे बांधायच्या दोरीचं भेंडोळं काढून हातात घेतलं.

आता बेसबॉलची एक गंमत ऐका, जी मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हती. दोनदा चुकल्यावर चेंडू जर फाऊल गेला, तर मारणारी बादही होत नाही आणि पुढेही जात नाही. पुन्हा चेंडू. पुन्हा फाऊल, पुन्हा चेंडू. मागे उडालेला कुणी हवेत झेलला तरच ती संपली. पण मागे होते आमचे सोफे!

पहिला फाऊल मोऱ्यांच्या स्प्रिंगवर आपटून उडाला. चौकार! दुसरा चहाच्या थर्मासवर. चौकार! तिसऱ्याच्या मागे त्यांची कीपर धावली, मान वर, ग्लव्ह पुढे, आणि थेट इनामदारांच्या सोफ्यात खानच्या शेजारी पडली. तिला काढायला तिघी लागल्या. चेंडू टाकणारी घाम पुसत होती, टाकत होती. सुनंदा खांदा न हलवता नुसतं मनगट वळवत होती. आणि चेंडू एकामागून एक मागे येत होते, जणू घरी निघालेत. किती आले? मी मोजले नाहीत, गायकवाड शंभर म्हणतो, आणि गायकवाड अकाउंटंट आहे. आमचे घसे गेले. गाढवासारखे ओरडत होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा बरोबर ओरडत होतो, कारण त्या सकाळी प्रत्येक फाऊल हा खरोखरच चौकार होता. इरा सोफ्यावर उभी राहून स्वच्छ मराठीत 'चौकाऽऽर' म्हणत होती. परांजप्यांच्या मांडीत एक चेंडू येऊन पडला. त्यांनी तो बराच वेळ हातात धरून बघितला आणि मग परत फेकला. नेम चांगला होता माणसाचा.

दूरच्या मशिदीतून बांग आली. खाननं दोन्ही हात गायकवाडकडे पुढे केले, आम्ही त्याला ओढून उभा केला.

"साहब, जुम्मे का टाइम हो गया," तो परांजप्यांना म्हणाला. "उसके बाद शुऐबा का माल है. आज नहीं होगा."

"अरे, बस, एक बॉल बाकी आहे! एक बॉल!"

"वो तो आप कब से बोल रहे हो," खान म्हणाला, आणि जाताना मैदानाकडे वळून एक सलाम ठोकला. कुणाला, ते सांगायला नको. लॉरी सुरू झाली, वळली, गोदामांच्या मागे गेली. तिची धूळ हळूहळू खाली बसली.

पुढचा चेंडू आला. सरळ, सोपा, हातात आणून दिल्यासारखा. सुनंदानं बॅट फिरवली आणि तो साफ चुकला.

बाद. सामना गेला, हंगाम गेला, समोरच्या पोरी एकमेकींना मिठ्या मारायला लागल्या. आमच्या गॅलरीत मात्र असा जल्लोष उसळला की जिंकलेल्या पोरी मिठ्या सोडून आमच्याकडे बघत राहिल्या. बेननं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

परांजप्यांनी दुसरी लॉरी पुढे का बोलावली नाही, ते इराला विचारा; बापलेकींत गाडीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. पण परांजपे आजही सोफ्यावर बसत नाहीत. दर शुक्रवारी आपल्या निळ्या खुर्चीवर ताठ बसतात, फाऊलला टाळी वाजवत नाहीत, आणि आम्ही त्यांना आमच्या डब्यातलं तिथे नेऊन देतो. माणसानं आपल्या हट्टावर ठाम असावं. आम्ही दुसरं काय केलं?

त्या दुपारी घरी येताना मी बराच वेळ गप्प होतो. माझ्या बाबतीत ही बातमी आहे. अबू हलीफाचा समुद्र दिसायला लागला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "सुनंदा, खरं सांग. पहिले दोन सोडले तर लॉरी जाईपर्यंत एकही चुकली नाहीस, आणि लॉरी गेल्यावर लगेच, एवढा सोपा बॉल... मुद्दाम केलंस ना? अलकाच्या सोफ्यासाठी?"

तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, उजेडात धरून बघितला.

"चष्मा बदलायला झालाय," ती म्हणाली. "रविवारी आठवण करा."